वीस वर्षे न सोडलेला दावा

१४ ऑगस्ट ११९३ रोजी उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ शहरात फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग हिच्याशी विवाह केला. दुसऱ्या दिवशी, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, तिला राणी म्हणून अभिषेक होत असतानाच राजाचा चेहरा पांढराफटक पडला, त्याला कंप सुटला आणि विधी पुरा होईपर्यंत उभे राहणेही त्याला जड गेले, अशी त्या काळच्या लेखकांची नोंद आहे. लगोलग त्याने वधूबरोबर आलेल्या डॅनिश वकिलांना तिला माघारी घेऊन जायला सांगितले. त्यांनी नकार दिला, तेव्हा पॅरिसजवळच्या सें-मोरच्या मठात तिची रवानगी झाली. राजा तेव्हा अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होता, राणी अठराच्या आसपासची.

या विवाहाविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण तेव्हापासून एकच प्रश्न विचारत आला आहे : त्या रात्री असे काय घडले? तिच्या तोंडाला दुर्गंधी असावी, अंगावर एखादे झाकलेले व्यंग असावे किंवा ती कुमारी नसावी, असे तर्क बाराव्या शतकातल्याच एका इंग्रज इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहेत. पुढच्या शतकांतल्या अभ्यासकांनी भाषा सभ्य केली, वैद्यकीय केली, राजाच्या धर्मयुद्धातल्या आजारपणाचा आणि मनोविकाराचा विचार केला. पण शोध घ्यायचा तो त्या रात्रीचाच, हे गृहीत तसेच राहिले. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न इतिहासाने आता सोडून द्यावा. त्याचे उत्तर देणारा पुरावा नाही, हे त्याचे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की हा प्रश्न विचारताच, वीस वर्षे न्याय मागणारी स्त्री तपासणीच्या टेबलावर जाते आणि तिला कोंडून ठेवणारा पुरुष रुग्ण म्हणून सहानुभूतीस पात्र ठरतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईविषयी ‘हिच्यातच काही खोट असणार’ हे वाक्य आपण मराठी मुलखातही इतक्या वेळा ऐकले आहे की, तेच वाक्य विद्वत्तेचा अंगरखा घालून समोर आले तर ते ओळखणे आपल्याला अवघड जाऊ नये.

खोट शोधायचीच असेल तर ती आधीच्या दप्तरात शोधावी. फिलिपची पहिली राणी, एनोची इसाबेल, हिलाही त्याने टाकण्याचा घाट घातला होता. ११८४ मध्ये सांलिस येथे त्यासाठी सभा भरली, तेव्हा इसाबेलचे वय चौदाच्याही आत होते. ती अनवाणी, पश्चात्ताप करणाऱ्याच्या साध्या वेशात शहरातल्या चर्चांमधून प्रार्थना करत फिरली, गोरगरीब तिच्या बाजूने राजवाड्यासमोर जमले आणि राजाला पाऊल मागे घ्यावे लागले. तिच्या बाबतीत कोणी तोंडाच्या दुर्गंधीची चौकशी केलेली नाही, कारण तिच्या माहेरच्या लोकांनी राजाच्या विरोधकांशी हातमिळवणी केली होती, एवढे स्पष्टीकरण सर्वांना पुरेसे वाटले. फिलिपचा बाप सातवा लुई यानेही ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनच्या एलेनोरशी झालेला विवाह जवळच्या नात्याचे कारण पुढे करून मोडला होता. राणी नकोशी झाली की नात्याचा धागा काढायचा, ही या घराण्यात रुळलेली पद्धत होती.

इंगेबोर्गला आणण्यामागचा हिशेबही उघड होता. ११९२च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा रिचर्ड ऑस्ट्रियात पकडला गेला होता आणि त्याच्या गैरहजेरीत त्याचे राज्य पोखरण्याची संधी फिलिपला दिसत होती. अकराव्या शतकातल्या क्नूट राजापासून चालत आलेला इंग्लंडच्या गादीवरचा जुना डॅनिश हक्क आणि डेन्मार्कचे आरमार या दोन्हींवर त्याची नजर होती. प्रत्यक्षात हुंड्यापोटी मिळाली ती १०,००० मार्क चांदी. फायद्याचा अंदाज चुकला म्हणून राजाचे मन फिरले, असे काही इतिहासकार म्हणतात. दुर्गंधीच्या तर्कापेक्षा हे स्पष्टीकरण मला पटण्याजोगे वाटते, पण त्यातही सगळी गोष्ट राजाच्या मनाभोवतीच फिरते, आणि मला बोलायचे आहे ते तिने काय केले याविषयी.

लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच ५ नोव्हेंबर ११९३ रोजी काँपियेन येथे सभा बोलावण्यात आली. त्या काळचा चर्चचा कायदा सातव्या पायरीपर्यंतच्या नात्यात विवाह निषिद्ध मानत असे आणि मृत पत्नीच्या नातलगांनाही तोच निषेध लागू करत असे. आपल्या धर्मशास्त्रातल्या सपिंड नात्याच्या नियमाहून ही कक्षा कितीतरी रुंद होती. एवढ्या रुंद जाळ्यात युरोपातली कोणतीही दोन राजघराणी सापडत. बिशप आणि सरदार मिळून पंधरा जणांनी, ज्यांत राजाचे आप्त आणि आश्रित भरलेले होते, शपथेवर सांगितले की इंगेबोर्ग ही मयत राणी इसाबेलची निषिद्ध नात्यातली आहे. विवाह रद्द ठरला. इंगेबोर्गला फ्रेंच येत नव्हते, बाजू मांडायला तिच्याजवळ कोणी नव्हते, आणि दुभाष्याने निकाल समजावून सांगितला तेव्हा मोडक्या लॅटिनमध्ये तिने एवढेच उद्गार काढले : दुष्ट फ्रान्स, दुष्ट फ्रान्स, रोम, रोम!

कादंबरीकारांना आणि चित्रकारांना या उद्गारात हतबल मुलीचा टाहो ऐकू येतो. मला त्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. चर्चच्या कायद्यानुसार रोमकडे दाद मागितली की खटला स्थानिक सभेच्या हातातून निघून पोपसमोर जात असे. परक्या भाषेच्या दरबारात, एकटी असताना, अठरा वर्षांच्या मुलीने ज्या एका शब्दाने राजाचा निकाल अंतिम होण्यापासून अडवता येत होता तोच शब्द दोनदा उच्चारला. पुढची वीस वर्षे फ्रान्सचे राजकारण त्या अपिलाभोवती घुटमळत राहिले.

त्यानंतर तिला तूर्नेजवळच्या सिस्वँच्या मठात ठेवले गेले. तूर्नेचा बिशप एतिएन याने ऱ्हँसच्या आर्चबिशपला, म्हणजे राजाच्या सख्ख्या मामाला, तिच्याविषयी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. सारेहून प्रौढ, रिबेकाहून शहाणी, सुझानाहून शीलवान अशा बायबलमधल्या नायिकांची रांग लावून तो तिची स्तुती करतो आणि मग मुद्द्यावर येतो : ही राणी दिवसभर प्रार्थना, वाचन आणि हातकाम यांत असते आणि पोट भरण्यासाठी अंगावरचे कपडे आणि घरातली भांडी विकते. स्तुतीचे अलंकार बाजूला ठेवले तरी भांडी विकण्याचा तपशील उरतोच. माहेराहून १०,००० मार्क घेऊन आलेल्या बाईची एका वर्षात ही अवस्था होती.

डेन्मार्क गप्प बसला नाही. तिचा भाऊ सहावा क्नूट याने चॅन्सलर आन्डर्स सुनेसन आणि एबेलहोल्टचा मठाधिपती विल्यम यांना रोमला पाठवले. त्यांनी दोन्ही घराण्यांच्या वंशावळी मांडून काँपियेनचे नाते खोटे असल्याचे दाखवले आणि ११९५ मध्ये पोप तिसरा सेलेस्टिन याने तो निकाल रद्दबातल ठरवला. परतीच्या वाटेवर हे दोन्ही वकील बर्गंडीत पकडले गेले आणि कैदेत पडले. पोपच्या प्रतिनिधींनी पॅरिसमध्ये सभा भरवली, पण तिथे जमलेले धर्मगुरू भुंकता न येणाऱ्या कुत्र्यांसारखे गप्प राहिले, असे खुद्द राजाचा चरित्रकार रिगोर लिहितो. राजाच्या बाजूच्या लेखकालाही हे लिहावेसे वाटले, याची नोंद घेतली पाहिजे. कायदा इंगेबोर्गच्या बाजूने होता आणि तो अमलात आणायची कोणाची हिंमत नव्हती.

जून ११९६ मध्ये फिलिपने मेरानियाच्या ड्यूकची मुलगी आग्नेस हिच्याशी लग्न केले. इंगेबोर्गची कैफियत मांडताना आग्नेसला खलनायिका करण्याचा मोह टाळला पाहिजे. तिच्या घराण्याला फ्रान्समधल्या बिशपांनी रद्द केलेला विवाह दाखवण्यात आला होता, तिने राजाला दोन मुले दिली आणि तिच्यावर ओढवलेली संकटे तिने निर्माण केलेली नव्हती. एका पुरुषाने कायद्याशी खेळ केला आणि त्यात दोन स्त्रिया भरडल्या गेल्या, एवढेच त्याबाबत म्हणता येते.

११९८च्या जानेवारीत तिसरा इनोसंट पोप झाला आणि प्रकरणाला धार आली. ताकीद देऊनही राजा ऐकेना, तेव्हा जानेवारी १२०० पासून राजाच्या मुलखातील चर्चचे विधी बंद करण्यात आले. अर्भकांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचा कबुलीजबाब एवढे वगळता देवळांची दारे मिटली आणि मृतांना पवित्र भूमीत जागा मिळेनाशी झाली. आदेश पाळणाऱ्या बिशपांची मालमत्ता राजाने जप्त केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फिलिपच्या मुलाचे, लुईचे, कॅस्टिलच्या ब्लांशशी लग्न ठरले, पण राजाच्या स्वतःच्या भूमीवर लग्न लावता येईना, म्हणून वऱ्हाड सीमेपलीकडे इंग्लंडच्या जॉन राजाच्या नॉर्मंडीत, पोर-मोर या गावी न्यावे लागले. ही बंदी सुमारे आठ-नऊ महिने चालली. तिचा खरा भार कोणी वाहिला, हे मी झाकू इच्छित नाही : राजाच्या अपराधासाठी शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरची प्रेते पवित्र मातीला मुकली. न्याय मिळवण्याचे ते साधन बोथट होते आणि क्रूरही होते. पण त्याचा दोष पोपच्या आणि राजाच्या पदरी जातो. मठात बसून कपडे विकणाऱ्या बाईने तो शिरावर घ्यावा, अशी अपेक्षा करणे मला मान्य नाही.

सप्टेंबर १२०० मध्ये पोपच्या प्रतिनिधीसमोर राजाने इंगेबोर्गचा राणी म्हणून स्वीकार केल्याचे दाखवले, बंदी उठली, आणि थोड्याच दिवसांत राणी एतांपच्या किल्ल्यात बंदिस्त झाली. नात्याचा मुद्दा नव्याने तपासण्यासाठी मार्च १२०१ मध्ये स्वासोंला सभा भरली. आलेल्या डॅनिश वकिलांनी सभा पक्षपाती असल्याचे सांगून ती सोडली आणि राणी पुन्हा एकाकी पडली. तेव्हा गर्दीतून एक अनोळखी, गरीब धर्मसेवक पुढे आला आणि त्याने तिची बाजू इतक्या प्रभावीपणे मांडली की ऐकणारे थक्क झाले. निकाल तिच्या बाजूने लागणार अशी चिन्हे दिसू लागली. निकालाच्या आधी एका भल्या पहाटे राजा ती उतरली होती त्या मठात आला, आपण हिला पत्नी म्हणून नेत आहोत असा निरोप त्याने सभेला पाठवला, तिला घोड्यावर आपल्या मागे बसवले आणि तो निघून गेला. वादच उरला नाही म्हणताना सभा निकाल न देताच उठली. काही दिवसांतच राणी पुन्हा कोंडली गेली.

या एका प्रसंगात सत्तेचे संपूर्ण तंत्र दिसते. निकाल विरुद्ध जाणार असे दिसताच तडजोडीचा देखावा करायचा, न्यायाधीशांना घरी पाठवायचे आणि मग तडजोड मोडायची. हे तंत्र फिलिपबरोबर संपले असे कोणी म्हणणार नाही. नांदवायला नेतो असे कोर्टात सांगून खटला संपवणारे आणि महिन्याभरात बायकोला घराबाहेर काढणारे नवरे कौटुंबिक वाद हाताळणाऱ्या कोणत्याही वकिलाने पाहिलेले असतात.

आग्नेस १२०१च्या जुलैत वारली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इनोसंटने तिच्या दोन्ही मुलांना औरस ठरवले, कारण जर्मन साम्राज्याच्या वादात त्याला फिलिपची गरज होती. इंगेबोर्गचा मोठा कैवारीही तिच्या प्रश्नाकडे सोयीनेच पाहत होता, हे यावरून कळते. १२०३ मध्ये तिने त्याला जे पत्र पाठवले, ते या साऱ्या कागदपत्रांत मला सर्वांत मोलाचे वाटते. माझ्याकडे कोणाला येऊ देत नाहीत, असे ती सांगते. धर्मगुरूंचे सांत्वन मिळत नाही, प्रार्थनाविधी क्वचितच ऐकायला मिळतो, पुरेसे अन्न नाही, स्नानाची मुभा नाही, वैद्य भेटत नाही, कपडे राणीला शोभतील असे नाहीत आणि सेवेला ठेवलेली माणसे अपमान करतात. तक्रारींची ही यादी कोणाही कैद्याची असू शकेल. पण पुढे ती आणखी एक विनंती करते : धमकी किंवा सक्तीखाली आपल्या तोंडून या विवाहाच्या विरुद्ध काही वदवून घेतले गेले, तर ते ग्राह्य धरू नये.

या विनंतीतली कायदेशीर जाण विलक्षण आहे. आपला देह, आपले अन्न आणि आपली एकांतवासाची कोठडी राजाच्या ताब्यात आहे हे तिला कळत होते, आणि आपण कधीतरी मोडून पडू हेही तिने गृहीत धरले होते. म्हणून शुद्धीवर आणि ठाम असताना तिने आपल्या भविष्यातल्या दुबळ्या क्षणाविरुद्ध तजवीज करून ठेवली. तिला ‘सोशिक’ म्हणणारे हे पत्र नीट वाचत नाहीत, असे मला खेदाने म्हणावे लागते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. जो पुरुष आपल्याकडे पाहूही इच्छित नाही, त्याची पत्नी म्हणून राहण्याचा हट्ट तिने का धरावा? डेन्मार्कला परतली असती तर मोकळी हवा मिळाली असती, कदाचित दुसरे लग्नही झाले असते. स्त्रीमुक्तीच्या आजच्या कल्पनेत विवाह टिकवण्यासाठी तुरुंगवास पत्करणारी स्त्री बसत नाही, हे खरे आहे. पण तिच्यासमोरचे पर्याय तिच्या काळातले होते. विवाह मुळात झालाच नव्हता असा निकाल मान्य करणे म्हणजे त्या रात्रीपुरती आपण राजाची रखेल होतो, अशी कबुली देणे. आणि शरीरसंबंध होऊन विवाह पूर्ण झाला होता हे तिचे विधान पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बदललेले नाही. माघारी जाणे म्हणजे खोट्या शपथांवर शिक्कामोर्तब करणे. शिवाय तिने काय मागायला हवे होते हे आपण आज ठरवणे, म्हणजे तिला न विचारता तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसणे आहे.

दुसरा आक्षेप असा की ती पोपच्या आणि भावाच्या डावातले प्यादे होती. दोघांनी तिचा उपयोग केला, यात शंका नाही. तरीही राजाची प्रत्येक चाल अखेर कुठे अडली ते पाहावे. नात्याचा पुरावा टिकला नाही. मग त्याने जादूटोण्याने आपल्याला तिच्याशी संबंध ठेवणे अशक्य केले असा दावा आणला. तो मान्य व्हायचा तर पतीने ठरावीक काळ पत्नीसोबत खरोखर राहून पाहिले पाहिजे असा दंडक होता आणि तिचे म्हणणे राजाच्या दाव्याच्या नेमके उलट होते. मग तिने संन्यासिनी व्हावे असे प्रयत्न झाले; पण व्रत तिच्याच तोंडून घेतले जायला हवे होते. १२०४ मध्ये ज्याने इंग्लंडच्या प्लांटाजेनेट राजघराण्याकडून अख्खी नॉर्मंडी हिसकावून घेतली, त्याला किल्ल्यात डांबलेल्या एका स्त्रीकडून एक ‘हो’ मिळवता आला नाही. पोप बदलले, भाऊ १२०२ मध्ये वारला, कैवाऱ्यांचे स्वार्थ बदलले. न बदललेली गोष्ट तिचा नकार हीच होती, आणि म्हणून या इतिहासाची कर्ती तीच ठरते.

१२१३ मध्ये इंग्लंडवर स्वारीची तयारी करताना फिलिपने तिला राणीपद परत दिले. मनपरिवर्तनापेक्षा पोपची मर्जी आणि डेन्मार्कची सदिच्छा या त्यामागच्या गरजा होत्या. शाँतिईच्या संग्रहालयात तिचे प्रार्थनापुस्तक आहे. सोन्याच्या पार्श्वभूमीवरच्या पानभर चित्रांसाठी कलेतिहासात ते विख्यात आहे. मला त्यातल्या दिनदर्शिकेची पाने अधिक बोलकी वाटतात. तिथे तिच्या बापाच्या आणि आईच्या, म्हणजे वाल्डेमार आणि सोफिया यांच्या, मृत्युतिथी लिहिलेल्या आहेत आणि २७ जुलैच्या जागी फ्रान्सचा राजा फिलिप याने १२१४ मध्ये बूव्हीनच्या लढाईत सम्राट ऑटो आणि फ्लँडर्सचा काउंट यांच्यावर मिळवलेल्या विजयाची नोंद आहे. काहींनी या नोंदीत नवऱ्याविषयीचे प्रेम वाचले आहे. तसे वाचण्याची गरज मला दिसत नाही. फ्रान्सच्या राणीच्या पुस्तकात फ्रान्सच्या विजयाची नोंद असणे स्वाभाविक आहे, आणि आपण फ्रान्सची राणी आहोत हाच तर तिचा दावा होता.

विश्वकोशांतल्या आणि लोकप्रिय इतिहासाच्या पुस्तकांतल्या नोंदी मात्र अजूनही ‘टाकलेली राणी’, ‘दुर्दैवी राजकन्या’ अशा विशेषणांनी सुरू होतात आणि लग्नाच्या रात्रीच्या गूढावर निम्मी जागा खर्च करतात. त्या जागी काँपियेनचे अपील, एतांपचा तुरुंगवास आणि १२०३चे पत्र यावे, अशी माझी मागणी आहे. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने निषिद्ध नात्याची कक्षा सातव्या पायरीवरून चौथ्यावर आणली आणि नात्यासंबंधी ऐकीव साक्ष घेण्यावर निर्बंध घातले. हा बदल केवळ इंगेबोर्गमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण परिषद बोलावणारा पोप इनोसंटच होता आणि दूरच्या नात्याचा आधार घेऊन लग्न कसे मोडता येते, याचे उदाहरण त्याने पंधरा वर्षे हाताळले होते. कायद्याच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण शिकवले जाते तेव्हाही ते बहुधा पोप विरुद्ध राजा असे शिकवले जाते, आणि मूळ फिर्यादीचे नाव तळटीपेत जाते. हे दुरुस्त करायला नवे संशोधनही लागत नाही. आहे त्या कागदपत्रांचा क्रम बदलला तरी पुरे.

फिलिप १४ जुलै १२२३ रोजी वारला. मृत्युपत्रात त्याने तिला प्रिय पत्नी म्हटले आणि तिच्या नावे १०,००० पौंड ठेवले. त्यानंतर तेराएक वर्षे ती जगली. आठव्या लुईने आणि मग नवव्या लुईने तिला विधवा राणीचा मान आणि उत्पन्न दिले, कोर्बेई येथे तिने सेंट जॉनच्या संप्रदायासाठी मठ स्थापला, आणि १२३६च्या सुमारास ती वारली तेव्हा फ्रान्सच्या राजांना जिथे पुरले जाई त्या सें-दनीमध्ये नव्हे, तर स्वतःच्या पैशाने उभारलेल्या त्या मठाच्या चर्चमध्ये तिचे दफन झाले. तोवर तिने दिलेल्या सनदांवर तिची ओळख एकच होती : देवकृपेने फ्रेंचांची राणी.